कुलपाला घातलेला हार

पत्र: "माझे वडील, आमचे अण्णा, दीड वर्षापूर्वी श्रावणात पहाटे मागावरच कोसळले आणि गेले. तेव्हापासून घर मी सांभाळते. कर्जाचे हप्ते, आईच्या गोळ्या, नोकरी, सगळं. मी एकदाही रडले नाही, नातेवाईक कौतुक करतात. धाकटा भाऊ मात्र तिशी आली तरी जेवता जेवता रडायला लागतो, अण्णांचं तेच तेच बोलतो. मी उठून जाते. घरात जागा कमी. मागाची खोली बंदच असते, खंडेनवमीला कुलपालाच हार घातला. गड्ड्याच्या जत्रेला पाहुणे आले, त्यांना गच्चीवर झोपवावं लागलं. मला हल्ली रोज पहाटे पाचला जाग येते, ॲसिडिटी असावी. भावाला यातून कसं बाहेर काढू? समुपदेशकाकडे नेऊ का?"
– मोठी बहीण, सोलापूर

अगं बाई, तुला अगंतुगं करतेय, राग मानू नकोस.

भावाचं काहीही करू नकोस. बाप गेल्यावर पोरगा रडतो, यात बाहेर काढण्यासारखं काय आहे? तुमच्या घरात त्यातल्या त्यात धडधाकट तोच दिसतोय मला.

मी अडकले ती त्या हारापाशी. खंडेनवमीला माग असलेल्या घरात मागाची पूजा होते, हळदकुंकू वाहतात, झेंडू घालतात. तू हार आणलास, दारापर्यंत गेलीस आणि कुलपाला अडकवून परत फिरलीस. माग दोन पावलांवर होता. वर जानेवारीच्या थंडीत, सिद्धेश्वराच्या अक्षता बघायला आलेली माणसं गच्चीवर कुडकुडवलीस! आणि हे सगळं लिहिलंस कशाखाली, तर 'जागा कमी'.

आत काय आहे ते तू लिहिलं नाहीस, पण मला अंदाज आहे. मागावर कोसळलेला माणूस चादर पुरी करून कोसळत नाही. अर्धी विणलेली चादर तशीच ताणलेली असेल, बाजूला त्यांचा चहाचा कपही असेल. त्या अर्ध्या चादरीला तू घाबरतेस.

डॅनिएल वेग्नर नावाच्या अमेरिकन मानसशास्त्रज्ञाचा १९८७ चा एक प्रयोग आहे. लोकांना सांगितलं, पाच मिनिटं पांढऱ्या अस्वलाचा विचार करायचा नाही, मनात आलंच तर घंटी वाजवायची. घंट्या वाजतच राहिल्या. पुढे विचार करायची मोकळीक दिली, तेव्हा आधी दाबून धरणाऱ्यांनाच अस्वल जास्त आठवलं. तुझी घंटी पहाटे पाचला वाजते. अण्णा माग किती वाजता सुरू करायचे, आठव जरा. तुझ्या त्या घंटीला ॲसिडिटी हे नाव पडलंय, एवढंच.

नातेवाइकांच्या कौतुकाचं म्हणशील तर, न रडणारी मुलगी सगळ्यांच्याच सोयीची असते.

येत्या रविवारी पाचला जाग आली की कूस बदलू नकोस. भावाला उठव आणि कुलूप उघड. झाडू घेऊन आत जायचं नाही, फडकंही नाही. मी तुला ओळखते म्हणून सांगतेय. माझी आई गेली तेव्हा मी महिनाभर माळ्यावरची भांडी काढून घासत होते, आणि लोकांना वाटायचं सावरली बाई. तू फक्त बसायचंस. धूळ असू दे. भाऊ तेच तेच बोलेल, त्याला बोलू दे, आणि या वेळी उठायचं नाही. पोटात ढवळेल, घसा दाटेल, दार गाठावंसं वाटेल. तरी बस. चादर कापायची की ठेवायची, माग विकायचा की चालवायचा, हे त्या दिवशी ठरवायचं नाही.

आणि समुपदेशकाचं मनात आलंच आहे, तर स्वतःसाठी फोन कर. टेली-मानसची १४४१६ ही सरकारी सेवा मोफत आहे, मराठीतही बोलतात.

चावी कुठे असते तेही तू लिहिलं नाहीस. तुझ्याच पर्समध्ये असणार. रविवारी ती भावाच्या हातात दे, कुलूप त्याला काढू दे. तू आधी तो हार काढ. दसऱ्यापासून तिथेच आहे, वाळून नुसता दोरा उरला असेल.