'सॉलिडॅरिटी'ला मराठीत काय म्हणावं?

प्रश्न असा आला आहे: गोदी कामगारांच्या युनियनचं पत्रक मराठीत करायचं आहे. परदेशातल्या एका बंदरात संप चालू आहे, तिथल्या कामगारांसाठी. इंग्रजी मसुद्यात जागोजागी 'सॉलिडॅरिटी' आहे. तिथे 'एकता' लिहावं, 'एकजूट' की 'बांधिलकी'?

'एकता' मी तरी लिहिणार नाही. हा शब्द सरकारी शपथांमध्ये फार वापरला गेलाय. मोर्चात 'कामगार एकता जिंदाबाद' ऐकू येतं, पण ती हिंदी घोषणा. (घोषणा द्यायची वेळ आली की मराठी माणूस हिंदीत का शिरतो, कोण जाणे. 'हम सब एक हैं' म्हणणारे पुष्कळदा सगळेच्या सगळे मराठी असतात.)

'एकजूट' चांगला, खणखणीत शब्द. अडचण व्याकरणाची आहे. एकजुटीला 'ची' लागतो: गिरणी कामगारांची एकजूट. 'अमक्यांशी एकजूट' म्हणताना जीभ अडखळते, कारण ती आपली आपल्यात असते. 'पाठिंबा' बाहेरच्याला देता येतो, पण देणारा कुंपणापलीकडेच राहतो आणि दिलेला पाठिंबा काढूनही घेता येतो. आपल्याकडे सरकारं पडतात ती त्यामुळेच. दुसऱ्यांच्या लढ्यासाठी केलेल्या संपाला 'सहानुभूतीचा संप' म्हणतात. घडणीने शब्द नेमका आहे, पण आज त्याला कळवळ्याचा वास येतो. 'बांधिलकी'ला 'शी' चालतो खरा. मात्र ती एकतर्फी, लेखकाने समाजाशी ठेवावी तशी.

मूळ अर्थ पाहिला तर हे सगळे शब्द का कमी पडतात ते कळतं. रोमन कायद्यात 'इन सोलिडुम' म्हणजे असं कर्ज, की ते घेणाऱ्यांपैकी कुणाही एकाकडून पूर्ण वसूल करता येतं. तिथून फ्रेंच, मग इंग्रजी. पतसंस्थेच्या कर्जाला जो जामीन राहिला आहे, त्याला हे समजावून सांगावं लागणार नाही. म्हणजे हा शब्द मुळात भावनेचा नाहीच, देण्याचा आहे.

मुंबईत या अर्थाने तो अक्षरशः घडला आहे. १९२८ साली गिरणी कामगारांचा संप सहा महिने चालला. त्या चळवळीत फिलिप स्प्रॅट आणि बेन ब्रॅडली हे दोन इंग्रज होते. मार्च १९२९ मध्ये ब्रिटिश सरकारने कम्युनिस्ट आणि कामगार पुढाऱ्यांवर भरलेल्या मीरत कट खटल्यासाठी डांगे, घाटे, मिरजकर या मुंबईच्या कम्युनिस्ट पुढाऱ्यांबरोबर त्यांनाही पकडलं. १९३३च्या निकालात डांग्यांना बारा वर्षं, स्प्रॅटलाही बारा. मिरजकरांना दहा, ब्रॅडलीलाही दहा. पुढे अपिलात शिक्षा उतरल्या. पण याला 'पाठिंबा' कसं म्हणणार? ते तर सहदेणेकरी झाले होते.

गोदीचंच उदाहरण हवं असेल तर १९४५चं ऑस्ट्रेलिया घ्या. इंडोनेशियाने स्वातंत्र्य जाहीर केल्यावर तिकडे निघालेल्या डच जहाजांवर माल चढवायला ऑस्ट्रेलियातल्या गोदी कामगारांनी नकार दिला. सिडनीत भारतीय खलाशीही त्यात उतरले.

जाता जाता एक गंमत. गुजरातीत 'संप' म्हणजे एकोपा; 'संप त्यां जंप', एकी तिथे शांती, अशी त्यांची म्हण आहे. संपाला ते 'हडताळ' म्हणतात. आपला 'संप' त्याच एकोप्यातून आला असावा असं मला वाटतं: आधी सगळ्यांनी एक होणं, मग एक होऊन काम थांबवणं. म्हणजे तुम्ही शोधताय तो शब्द संपाच्याच पोटात होता, आपण तो कामबंदीला देऊन टाकला.

आता पत्रकाचं. मथळ्याला 'आंतरराष्ट्रीय कामगार एकजूट' चालेल, कारण तिथे जगभरचे कामगार हा एकच गट धरलाय आणि 'ची' आपोआप जुळतो. मजकुरात मात्र नाम शोधत बसू नका, क्रियापद वापरा: 'तुमच्या संपात आम्ही तुमच्या सोबत आहोत.' आणि लगेच पुढे काय करणार ते लिहा, तुमचं जहाज इथे आलं तर हात लावणार नाही, किंवा निधी गोळा करतोय, जे खरं असेल ते. नाहीतर 'सोबत'सुद्धा पोकळ वाटेल. शेवटी सहीच्या वर जे 'इन सॉलिडॅरिटी' आहे तिथे 'लढ्यातले तुमचे सोबती' लिहा. 'आपला विश्वासू' नको, ते बँकेच्या नोटिशीवर असतं.