आईवर उपचार होताहेत की कागदावर?

प्रश्न : माझी आई ७८ वर्षांची आहे. न्यूमोनिया झाल्यामुळे तिला दाखल केलंय. ताप फारसा नव्हताच, पण असंबद्ध बोलत होती. केसपेपरला एक छापील तक्ता लावलाय. त्याप्रमाणे दुसऱ्याच दिवशी तिला खुर्चीत बसवलं आणि तिसऱ्या दिवशी शिरेतलं अँटिबायोटिक थांबवून गोळ्या सुरू केल्या. सगळ्या म्हाताऱ्या माणसांना एकच साचा कसा चालेल? घाई तर होत नाही ना?

उत्तर : निवासी डॉक्टर असताना रात्रपाळीत मी ८१ वर्षांच्या एका आजोबांना तपासलं होतं. ताप नाही, खोकला नावापुरता. मुलगा सांगत होता, "बाबा सकाळपासून काहीतरीच बोलताहेत." वयामुळे असेल असं धरून मी ते लिहूनही घेतलं नाही. श्वास पूर्ण मिनिटभर न मोजता पंधरा सेकंदच मोजले आणि चारने गुणले. पहाटे त्यांना ऑक्सिजन लावावा लागला. ते वाचले, पण ती रात्र मी विसरलेले नाही.

त्या वॉर्डात असा तक्ता असता तर मला थांबावंच लागलं असतं. न्यूमोनिया किती गंभीर आहे हे ठरवायला २००३ पासून 'कर्ब-६५' ही गुणपद्धत वापरतात. रुग्ण गोंधळलाय का, रक्तातला युरिया वाढलाय का, श्वास मिनिटाला ३० किंवा जास्त आहे का, रक्तदाब फार उतरलाय का आणि वय ६५ किंवा पुढे आहे का, हे पाच प्रश्न; प्रत्येक 'हो'ला एक गुण. वय आणि गोंधळ मिळून तुमच्या आईचे दोन गुण दारातच झाले. म्हातारपणी न्यूमोनिया पुष्कळदा तापाशिवाय येतो. आधी बिघडतं ते बोलणं.

खुर्चीत बसवणं मला तर औषधाइतकंच महत्त्वाचं वाटतं. पडून राहिलं की कफ सुटत नाही आणि या वयात पायांतली ताकद बघता बघता जाते. पहिल्या २४ तासांत निदान २० मिनिटं पलंगावरून उतरवलेले रुग्ण सरासरी एक दिवस लवकर घरी गेले, असं २००३ च्या एका अभ्यासात दिसलं.

गोळ्यांचं मात्र नीट विचारून घ्या. 'तिसरा दिवस उजाडला' हे कारण पुरेसं नाही. ताप, नाडी, श्वास, रक्तदाब आणि ऑक्सिजन स्थिरावलेत का, ती शुद्धीवर आहे का, तोंडाने नीट घेतेय का, हे पाहूनच शिरेतलं औषध बंद करायचं असतं. ते पाहिलं असेल तर ती घाई नव्हे. उलट सुई जितकी लवकर निघेल तितकी ती जास्त हिंडेल-फिरेल.

तुमची शंका एका बाबतीत अगदी खरी आहे. आजारापूर्वी आई कशी होती, हे तक्त्याला माहीत नसतं. ते तुम्हीच सांगायचं. एका कागदावर लिहून सिस्टरांकडे द्या : घरात आधाराशिवाय चालायची का, नातवंडांची नावं आठवायची का, पाणी पिताना ठसका लागायचा का, कवळी, चष्मा, श्रवणयंत्र आहे का. चष्म्याशिवाय, कवळीशिवाय पडलेलं माणूस आहे त्याहून जास्त गोंधळलेलं दिसतं.

ठसक्याचं तर आजच सांगा. तसा त्रास असेल तर गिळण्याची तपासणी होईपर्यंत तिला झोपल्या झोपल्या काहीही भरवू नका, अगदी चमचाभर पाणीसुद्धा.