व्हीईई म्हणजे ग्राउंड नव्हे

भजनी मंडळाच्या बिघडलेल्या साउंड मिक्सरच्या सर्किट डायग्रामवर व्हीसीसी, व्हीईई, व्हीडीडी, व्हीएसएस अशी चार नावं दिसली आणि तुम्ही विचारलंय की व्हीईई आणि व्हीएसएस दोन्ही ग्राउंडच ना? नाही. चतुर्थी तोंडावर आली म्हणून घाईने या दोन रेल (सप्लायच्या तारा) एकमेकींना जोडू नका, व्हीईईची −१५ व्होल्टची रेल थेट ग्राउंडला शॉर्ट होईल.

सी, ई, डी, एस ही ट्रान्झिस्टरच्या टोकांची अक्षरं: कलेक्टर, एमिटर, ड्रेन, सोर्स. मूळ एवढंच. पुढे ती वापरात रुळली, त्यामुळे नावावरून व्होल्टेज ठरवायला जाऊ नये. टीएल०७२ ही ऑप-अँप (सिग्नल वाढवणारी आयसी) घ्या. ८ नंबरच्या पिनेला +१५, ४ नंबरला −१५. डेटाशीटमध्ये त्यांना व्हीसीसी प्लस आणि व्हीसीसी मायनस म्हटलेलं सापडेल, दुसरीकडे नुसतं व्ही प्लस, व्ही मायनस. तुमच्या डायग्रामवर त्याच ४ नंबरच्या पिनेला व्हीईई लिहिलंय. सीडी४०५१ या सिग्नल निवडणाऱ्या स्विच आयसीमध्ये तर तिन्ही एकत्र नांदतात: १६ वर व्हीडीडी, ८ वर व्हीएसएस, ७ वर व्हीईई. शून्याच्या खाली जाणारा ऑडिओ सिग्नल त्यातून जायचा असेल, तर ७ नंबरला निगेटिव्ह सप्लाय लागतोच.

नाव खात्रीने सांगतं ते एकच: एका डायग्राममध्ये जिथे जिथे व्हीईई लिहिलंय, ते सगळे बिंदू एकाच तारेवर आहेत, मग पानं कितीही असोत. म्हणून ती रेल जिथे तयार होते तिथे जा. तुमच्याकडे ७८१५ आणि ७९१५ रेग्युलेटर (+१५ आणि −१५ व्होल्ट स्थिर ठेवणारे) आहेत. इथे नीट बघा, दोघांच्या पिना सारख्या नाहीत. ७८१५ ला इनपुट, ग्राउंड, आउटपुट; ७९१५ ला ग्राउंड, इनपुट, आउटपुट. ७८१५ ची पत्र्याची पाठ ग्राउंडला असते, ७९१५ ची मात्र इनपुटला, म्हणजे निगेटिव्हला! त्या पाठीला ग्राउंड समजून मीटरची काळी वायर लावली तर पुढची सगळी रीडिंग चुकणार. सेंटर टॅपवाला ट्रान्सफॉर्मर असेल तर दोन मोठे फिल्टर कपॅसिटर जिथे एकमेकांना मिळतात, एकाचा मायनस आणि दुसऱ्याचा प्लस, तो बिंदू तुमचा शून्य. काळी वायर तिथे.

मायक्रोफोनसाठी ४८ व्होल्टची फँटम रेलही बोर्डवर असेल, तिच्यापासून प्रोब सांभाळा. उघडताना मेनचा प्लग काढा, बंद केल्यावरही कपॅसिटर लगेच रिकामे होत नाहीत.

रेग्युलेटरवर व्होल्टेज बरोबर मिळालं तरी थांबू नका, आयसीच्या पायावरही मोजा. आपल्या गोव्यातल्या पावसाळ्यात रिबन कनेक्टरच्या पिना हिरव्या पडतात. डायग्रामवर रेल अखंड दिसते आणि प्रत्यक्षात वाटेतच तुटलेली असते. टीएल०७२ च्या ८ आणि ४ वरची दोन्ही रीडिंग इथे टाका, खराबी सप्लायमध्ये आहे की पुढे, ते त्यावरून कळेल.