तळ्याची नोंद ठेवायची आहे? आधी ऑक्सिजन बघा

तळ्याच्या पाण्याची नोंदवही सुरू करताय हे ऐकून फार बरं वाटलं. दहा-बारा चाचण्यांचा संच मात्र लगेच घेऊ नका. तापमान, विरघळलेला ऑक्सिजन आणि गढूळपणा, सुरुवातीला एवढं पुरे.

यात ऑक्सिजन सगळ्यात महत्त्वाचा, आणि नवशिक्यांची पहिली चूक इथेच होते: मोजमाप भर दुपारी घेतलं जातं. दिवसा पाणवनस्पती आणि शेवाळ ऑक्सिजन सोडतात, रात्री मात्र तेही इतरांसारखा तो वापरतात. म्हणून खरी परीक्षा पहाटे, सूर्य उगवण्याआधी. हिरव्यागार तळ्यात दुपारचा आकडा उत्तम येतो आणि पहाटे मासे वर येऊन तोंडं उघडझाप करताना दिसतात! आकडा ५ मिलिग्रॅम प्रति लिटरच्या खाली गेला की बऱ्याच माशांना त्रास होतो. सोबत तापमान लिहाच: २० अंश सेल्सिअसला गोड्या पाण्यात साधारण ९ मिलिग्रॅम ऑक्सिजन मावतो, ३० अंशांना साडेसातच.

आणखी दोन चुका:

- नितळ पाणी म्हणजे निरोगी पाणी असं धरून चालणं. आम्लधर्मी झालेलं तळंही काचेसारखं दिसू शकतं.
- शेवाळ दिसलं की औषध टाकणं. मेलेलं शेवाळ कुजताना उरलासुरला ऑक्सिजन संपवतं. आधी काठाने फिरा, खत किंवा सांडपाणी कुठून उतरतंय ते शोधा. शेवाळाला पोसणारा फॉस्फरस बहुधा तिथूनच येतो.

सामू (पाणी किती आम्लधर्मी आहे ते सांगणारा pH), नायट्रेट, तळातले किडे हे सगळं नंतर. महिनाभर एकाच जागी, एकाच वेळी मोजा आणि आकडे मला दाखवा.