वाचकांचे प्रश्न : ‘३००’ या आकड्याला भुलण्याआधी

पावसाळा सरला की हतनूरच्या बाजूला पाणपक्षी उतरू लागतात आणि आमच्याकडे झूम लेन्सची पत्रं. या वेळी निवडलेल्या प्रश्नांत खान्देशातलेच वाचक जास्त आहेत, म्हणून उत्तरंही इथल्या उन्हाचा आणि धुळीचा विचार करून दिली आहेत.

प्रश्न : माझ्याकडे कॅनन १५००डी आणि सोबत आलेली १८-५५ लेन्स आहे. हतनूर धरण आणि चांगदेवच्या संगमावर पक्ष्यांचे फोटो काढायचे आहेत. बजेट पंधरा हजार. दुकानदार ७५-३०० घ्या म्हणतो, मित्र ५५-२५० म्हणतो. ३०० मध्ये पक्षी जास्त जवळ येईल ना?
(महाविद्यालयीन विद्यार्थी, भुसावळ)

येईल, कारण लेन्सवरचा मिलिमीटरचा आकडा जितका मोठा तितकं दूरचं जवळ दिसतं. पण तुम्हाला वाटतो तेवढा नाही. २५० वरून ३०० वर गेलात की पक्षी फक्त सव्वापटीच्या आत मोठा होतो. तेवढं तर घरी फोटोच्या कडा कापूनही साधतं. त्याच्या बदल्यात ७५-३०० मध्ये जे जातं, ते मात्र घरी परत आणता येत नाही. ते म्हणजे स्टॅबिलायझर, हाताची थरथर सावरणारी यंत्रणा. कॅननच्या ईएफ ७५-३०० एफ/४-५.६ थ्री या लेन्सला तो नाही. ईएफ-एस ५५-२५० च्या तिन्ही पिढ्यांना आहे.

याचा हिशेब असा. हातात धरून फोटो काढताना शटर स्पीड किमान ‘एक भागिले लेन्सचा आकडा’ एवढा हवा, आणि तुमच्या कॅमेऱ्याच्या बॉडीचा सेन्सर लहान असल्यामुळे तो आकडा १.६ ने गुणायचा. ३०० गुणिले १.६ म्हणजे ४८०, म्हणजे सेकंदाचा पाचशेवा भाग. पक्षी सगळ्यात छान दिसतात त्या सकाळच्या सातच्या उजेडात एफ/५.६ वर (एफचा आकडा म्हणजे लेन्सच्या छिद्राचं माप; आकडा लहान तितकं छिद्र मोठं) हा स्पीड मिळवायचा तर आयएसओ, म्हणजे सेन्सरची उजेडाला संवेदनशीलता, एवढा चढतो की पिसांचा पोत रवाळ होऊन जातो. स्टॅबिलायझर असेल तर काठावर उभा असलेला चित्रबलाक १/१२५ वरही स्वच्छ येतो. उडत्या पक्ष्याची गोष्ट वेगळी. तिथे हलतो तो पक्षी, तुमचा हात नव्हे. १/१००० च्या खाली जाऊ नका, मग कोणतीही लेन्स असो.

शिवाय ७५-३०० ही ३०० वर, पूर्ण उघड्या छिद्राला मऊ, म्हणजे अस्पष्ट, पडते आणि पांढऱ्या बगळ्याच्या कडेला जांभळी रेघ उमटते. एफ/८ वर बरी होते, पण मग उजेड आणखी निम्मा.

तेव्हा मित्राचं ऐका. फक्त ५५-२५० मधली कोणती ते पाहून घ्या. २००७ ची ‘आयएस’ (कॅननचं स्टॅबिलायझरचं नाव), २०११ ची ‘आयएस टू’ आणि २०१३ ची ‘आयएस एसटीएम’ अशा तीन आहेत. एसटीएम म्हणजे स्टेपिंग मोटर, तिचा फोकस वेगवान आणि जवळजवळ बिनआवाजी. वजन ३७५ ग्रॅम. ती ८५ सेंटिमीटरपर्यंत जवळचं टिपते, म्हणजे पक्षी आले नाहीत तरी फुलपाखरावर दिवस निघतो. जुन्या दोन्हींत फोकस होताना पुढची काच फिरते, त्यामुळे पोलरायझर (चमक कमी करणारा, फिरवून जुळवायचा फिल्टर) लावला की दर वेळी तो पुन्हा जुळवत बसावं लागतं. या रकमेत एसटीएम वापरलेलीच पाहावी लागेल. ती तपासायची कशी, ते खाली एका प्रश्नात सविस्तर आहे.

आता थोडं थंड पाणी. पन्नास मीटरवर पाण्यात बसलेलं साठ सेंटिमीटरचं चक्रवाक बदक घ्या. २५० वर तुमच्या फ्रेममध्ये त्या अंतरावर साधारण साडेचार मीटर रुंदी मावते, म्हणजे बदक फ्रेमच्या साडेसातव्या हिश्शाएवढं. सहा हजार पिक्सेलच्या फोटोत त्याच्या वाट्याला आठशे येतात. मोबाइलवर दाखवायला पुरेसं, भिंतीवर लावायला नाही. तेच बदक वीस मीटरवर आलं तर दोन हजार पिक्सेल. हे अंतर कमी होतं ते पैशाने नव्हे, उजाडायच्या आत जाऊन, मातकट रंगाचा शर्ट घालून, काठावर खाली बसून. उभ्या माणसाला पक्षी लांबूनच ओळखतो. बसलेला, न हलणारा माणूस त्याला अर्ध्या तासाने झुडपासारखा वाटू लागतो.

सेटिंग एवढंच : डायल ‘टीव्ही’ (Tv) वर, म्हणजे स्पीड आपण ठरवायचा, स्पीड १/८०० (उडत्या पक्ष्याला १/१०००), आयएसओ ऑटो आणि त्याची मर्यादा ३२००, फोकस एआय सर्व्हो (हलत्या पक्ष्यामागे फिरणारा), नऊपैकी फक्त मधला बिंदू. बाकीचे आठ बिंदू चालू ठेवले तर कॅमेरा पक्षी सोडून पुढचं गवत धरतो, आणि आपण लेन्सला नावं ठेवतो.

प्रश्न : निकॉन डी ३२०० साठी ओळखीतून ‘एएफ-पी ७०-३००’ घेतली. बसते व्यवस्थित, पण फोकस होतच नाही. रिंग हाताने फिरवली तरी काही होत नाही. लेन्स खराब आहे का?
(वाचक, धुळे)

लेन्स धडधाकट असणार. तुमच्या बॉडीला ती चालत नाही. एएफ-पी म्हणजे स्टेपिंग मोटर, आणि ती चालवायची भाषा डी ३१००, डी ३२००, डी ५१००, डी ९०, डी ७००० या जुन्या बॉडींना येत नाही. या लेन्समध्ये हाताची रिंगसुद्धा थेट काचेला जोडलेली नसते. ती मोटरलाच सांगते की सरक. म्हणून हातानेही फोकस होत नाही. डी ३३०० आणि डी ५३०० ला फर्मवेअर (कॅमेऱ्यातलं सॉफ्टवेअर) नवं करून चालते, डी ३४००, डी ३५०० आणि डी ५६०० ला काहीच करावं लागत नाही.

परत करता येत असेल तर करा आणि ‘एएफ-एस’ लिहिलेली ५५-२०० व्हीआर (व्हीआर म्हणजे निकॉनचा स्टॅबिलायझर) किंवा ५५-३०० व्हीआर शोधा. नुसतं ‘एएफ’ लिहिलेली जुनी लेन्सही नको, कारण तिला बॉडीतली मोटर लागते आणि डी ३००० मालिकेत ती नाहीच. आणखी एक फसगत अशी की एएफ-पी डीएक्स ७०-३०० दोन प्रकारांत येते, एक व्हीआरवाली आणि एक बिनव्हीआरची. दिसायला अगदी जुळी. नळीवर ‘व्हीआर’ ही अक्षरं आहेत का, एवढंच पाहायचं. बटण शोधू नका, ते व्हीआरवालीलाही नसतं. चालू-बंद मेनूतून होतं.

प्रश्न : ५५-२५० एसटीएम घेऊन चार महिने झाले. हिवाळ्यात उत्तम फोटो आले. आता मे महिन्यात शेतातून दूरचे फोटो काढले की सगळे पाण्यातून पाहिल्यासारखे. ट्रायपॉड लावला, स्पीड वाढवला, उपयोग नाही. सर्व्हिस सेंटरला द्यावी का?
(शेतकरी, यावल तालुका)

देऊ नका, पैसे वाया जातील. बिघाड लेन्समध्ये नाही, हवेत आहे. पारा ४४-४५ वर असताना काळी जमीन तापते, तिला लागून असलेली हवा तापून वर उसळते, वरची थंड हवा खाली येते. गरम आणि थंड हवेतून प्रकाश वेगवेगळा वळतो. डांबरी रस्त्यावर दुपारी मृगजळ दिसतं तेच हे. नुसत्या डोळ्याला शंभर मीटरवर जाणवत नाही, पण २५० मिमीची लेन्स ते थरथरणंही मोठं करून दाखवते. ना स्टॅबिलायझर त्याला आवरू शकत, ना १/४००० चा स्पीड. स्पीड वाढवल्याने वाकडी झालेली कडा फक्त जास्त स्पष्ट वाकडी दिसते.

खात्री अशी करा. ट्रायपॉडवर, आयएस बंद करून, दूरच्या विजेच्या खांबाचे एकाच जागेवरून दहा फोटो काढा. स्क्रीनवर मोठे करून एकामागोमाग पाहा. प्रत्येक फोटोत खांब वेगळ्या ठिकाणी वाकलेला असेल तर हवा. दहाही फोटो सारखेच मऊ असतील, तर लेन्स किंवा फोकस. मग दुसऱ्या दिवशी सकाळी साडेसहाला हाच खांब पुन्हा टिपा.

उपाय दोनच : वेळ आणि अंतर. मेमध्ये सूर्य उगवल्यापासून साधारण आठ-साडेआठपर्यंत काम उरका. त्यानंतर वीस-पंचवीस मीटरच्या आतलंच टिपा. केळीच्या बागेत, जिथे जमीन सावलीत आणि ओली असते, तिथे थरथर खूप कमी. उघड्या नांगरटीवरून किंवा पत्र्यावरून नेम धरू नका. एसी चालू असलेल्या गाडीची काच जेमतेम उघडून लेन्स बाहेर काढणारे पुष्कळ दिसतात. आतली गार आणि बाहेरची तापलेली हवा नेमकी लेन्सच्या तोंडाशी मिसळते, त्यामुळे जवळचा पक्षीही मऊ येतो. गाडी बंद करा, सगळ्या काचा उघडा, दहा मिनिटं थांबा, मग कॅमेरा उचला. उकडेल, पण फोटो येईल.

प्रश्न : कॅनन २००डी टू आहे. डिसेंबरात सारंगखेड्याच्या यात्रेतले घोडे आणि जानेवारीत शाळेचं स्नेहसंमेलन, दोन्हींसाठी एकच स्वस्त झूम कोणती?
(शिक्षिका, शहादा)

घोड्यांसाठी ५५-२५०, आणि तिच्यातला ‘५५’ सुद्धा ‘२५०’ एवढाच कामाचा आहे बरं का. यात्रेत गर्दी असते, मागे सरकायला जागा नसते. दहा मीटरवरून ५५ ला फ्रेममध्ये सुमारे चार मीटर रुंदी आणि २.७ मीटर उंची मावते. घोडा आणि स्वार पूर्ण येतात. ७५ पासून सुरू होणाऱ्या लेन्सने त्याच जागेवरून उंची दोन मीटरच मावते. घोडा येतो, स्वाराचा फेटा कापला जातो. नाचणाऱ्या घोड्याला १/५००, धावणाऱ्याला १/१०००.

तिथली धूळ मात्र वाईट. ही लेन्स झूम करताना लांब-आखूड होते आणि भात्यासारखी हवा आत ओढते. यात्रेत लेन्स बदलूच नका. अगदीच बदलायची तर कॅमेरा बंद, वाऱ्याकडे पाठ, बॉडीचं तोंड जमिनीकडे. घरी आल्यावर रबरी ब्लोअर, मग ब्रश, आणि शेवटी कापड. आधी कापड फिरवलं तर धुळीचे कण काचेवर ओरखडे काढतात. तोंडाने फुंकर कधीच नाही, थुंकीचे शिंतोडे उडतात.

स्नेहसंमेलनाला या लेन्सचं काम नाही. २५० वर तिचं छिद्र एफ/५.६, आणि रंगमंचावर उजेड कमी. मुलं नाचताना सगळी भुतासारखी पुसट होतील. त्याऐवजी ५० मिमी एफ/१.८ एसटीएम घ्या. एफ/५.६ च्या मानाने ती जवळपास दहापट उजेड घेते. झूम नाही, म्हणून तुम्हालाच तिसऱ्या रांगेत बसावं लागेल. पाच मीटरवरून सव्वादोन मीटर रुंदी येते, म्हणजे दोन-तीन मुलं. पूर्ण समूहनृत्याला किट लेन्स, म्हणजे कॅमेऱ्यासोबत आलेली. एलईडी दिव्यांखाली फोटोत आडवे काळे पट्टे आले तर स्पीड १/१०० वर आणा. आपल्याकडे वीज ५० हर्ट्झची, दिवे सेकंदाला शंभरदा लुकलुकतात, त्या तालाशी जुळवून घ्यावं लागतं.

प्रश्न : जुनी लेन्स घेताना काय बघायचं?
(जळगाव, नंदुरबार आणि चाळीसगावहून तीन पत्रं)

आधी अंधारी खोली आणि मोबाइलचा टॉर्च. दोन्हीकडची झाकणं काढा, एका बाजूने उजेड तिरपा टाका, दुसरीकडून पाहा. धुळीचे चार-सहा ठिपके असले तर सोडून द्या, फोटोत दिसत नाहीत. कोळ्याच्या जाळ्यासारखे बारीक तंतू किंवा झाडाच्या मुळांसारखी नक्षी दिसली तर ती बुरशी. कितीही स्वस्त असो, नको. साफ करण्याचा खर्च लेन्सच्या किमतीला भिडतो, आणि काचेवरचा लेप खाल्ला गेला असेल तर साफ करूनही डाग राहतो. दुधी धुकं दिसलं तरी तेच उत्तर.

मग कॅमेऱ्यावर लावा, तोही स्वतःच्याच. शटरचं बटण अर्धं दाबून कान लेन्सशी न्या. आयएस सुरू होताना हलकी घुरघुर येते, ती ठीक. खडखड आली किंवा व्ह्यूफाइंडरमधलं चित्र उड्या मारू लागलं, तर स्टॅबिलायझर गेला. जवळ-दूर, जवळ-दूर असा दहा वेळा फोकस करून बघा. एसटीएम लेन्सची रिंग कॅमेरा बंद असताना फिरवून काही होत नसेल तर घाबरू नका, ती तशीच असते.

शेवटची परीक्षा विटांच्या भिंतीची. अगदी समोर उभं राहून २५० वर, एफ/५.६ ला, १/८०० च्या वर फोटो काढा. चारही कोपरे मोठे करून पाहा. चारही थोडे मऊ असणं स्वाभाविक. पण एक कोपरा कुस्करलेला आणि बाकी तीन स्वच्छ असतील, तर लेन्स कधीतरी पडलेली आहे आणि आतली काच तिरकी झाली आहे. विकणारा काहीही म्हणो, भिंत खोटं बोलत नाही. माउंटच्या, म्हणजे कॅमेऱ्याला जोडणाऱ्या कडीच्या, कडेचे स्क्रू उघडल्याच्या खुणा असल्या तर तेही विचारा.

घेतल्यावर ती पावसाळ्यात कपाटात कातडी पाऊचमध्ये कोंडू नका. घट्ट झाकणाचा प्लास्टिकचा डबा, त्यात सिलिका जेलच्या पुड्या. रंग बदलणारी जेल घ्या. निळी गुलाबी झाली की मंद आचेवर कोरड्या तव्यात परतून पुन्हा निळी करा. तो तवा पुन्हा स्वयंपाकाला वापरू नका.

प्रश्न : लेन्सच्या पुढे स्क्रूसारखा बसणारा ‘२.२ एक्स टेलिफोटो’ ऑनलाइन अगदी स्वस्तात मिळतो. लावू का? आणि यूव्ही फिल्टर घ्यायचाच का?
(वाचक, अमळनेर)

पहिला नको. कडा धुऊन निघाल्यासारख्या होतात आणि त्याचं वजन पेलताना फोकसच्या मोटरवर ताण येतो. यूव्ही फिल्टरऐवजी हूड (लेन्सच्या तोंडावरची छत्रीसारखी कडी) घ्या, ५५-२५० एसटीएमला ईटी-६३ बसतो. पडली तर आधी हूड मार खातो, आणि बाजूने येणारं ऊनही अडतं. यात्रेच्या धुळीपुरता फिल्टर हवाच असेल तर ५८ मिमीचा, लेप दिलेला घ्या. शे-दोनशेचा साधा काचतुकडा लावलात तर संध्याकाळच्या दिव्यांसमोर प्रत्येक दिव्याची हिरवी प्रतिमा फोटोत दुसरीकडे उमटेल.