बजरी पक्ष्याच्या दाण्यात पाखरं आणि पिंजऱ्याला मुंग्या होऊ नयेत म्हणून कुठलं औषध मारावं?

कुठलंच नको. औषधाने मुंगी मरायच्या आधी पक्षी जायचा.

गुहागरला आमच्या पडवीत चार बजऱ्या आहेत, बाजारात लव्हबर्ड म्हणून खपवतात त्या. पहिल्या वर्षी स्वस्त पडतं म्हणून मे अखेरीस पाच किलो राळे भरून ठेवले. श्रावणात डब्यात हात घातला तर दाणे सुटे येईनात, जाळीला लोंबत मणीमाळेसारखे वर आले. झाकणाखालून करडी पाखरं तोंडावर उडाली. पाखरांच्या दाण्यात पाखरं, आईला हसू आवरेना.

या किड्यांची अंडी बहुतेक वेळा दुकानातूनच दाण्याबरोबर येतात, आपली दमट हवा त्यांना फक्त मानवते. आता महिन्यापुरतंच आणतो आणि पिशवी घट्ट बांधून आठवडाभर फ्रीजरमध्ये ठेवतो. पावसात वीज तासन् तास गेली की दिवस पुन्हा पहिल्यापासून मोजायचे. बाहेर काढल्यावर पिशवी लगेच सोडू नका, गार दाण्यावर पाणी धरतं आणि बुरशी येते. बुरशी किड्याहून वाईट. कुबट वास आला तर दाणे टाकून द्या, कोंबड्यांनाही घालू नका.

वाटी भरलेली दिसते, पण वर नुसती टरफलं असतात. सकाळी फुंकर मारून बघा. पिंजऱ्याखालचा ट्रे मात्र संध्याकाळी झाडा, रात्री सांडलेल्या दाण्यावर झुरळांची पंगत बसते.

मुंग्यांना आजीच्या फडताळाचाच उपाय: स्टँडच्या पायांखाली पाण्याच्या वाट्या. पिंजरा भिंतीला टेकता कामा नये, नाहीतर वाट्या फुकट. पाणी दोन दिवसांनी बदला, नाहीतर डास पोसाल.

स्प्रे, कॉइल, डांबरगोळ्या, मुंग्यांचा खडू, सगळं पिंजऱ्यापासून लांब. पक्ष्याच्या फुफ्फुसाला हवेच्या पिशव्या जोडलेल्या असतात, विषारी वाफ त्याला फार लवकर बाधते. आमच्याकडे तिन्हीसांजेची धुरीसुद्धा आता मागीलदारी होते, त्यावरून घरात थोडी कुरबुर झाली ती झाली.

पक्षी रात्री बेचैन असेल, सारखा खाजवत असेल, तर पिंजऱ्यावर पांढरं फडकं टाकून झोपा. दिवसा फटीत लपणारे माईट्स, म्हणजे रक्त पिणारे बारीक किडे, रात्री बाहेर पडतात, सकाळी फडक्यावर तांबडे ठिपके सरकताना दिसतील. तेव्हा मात्र डॉक्टर गाठा. बजरी जेमतेम 30-40 ग्रॅमची, कोंबडीचं औषध अंदाजाने तिला लावू नका.