पेटीभर ल्यूर आहेत, तरी बास महिन्यातून एखादाच लागतो. आता महागडा रॉड घ्यावा की छोटी बोट?

तुम्ही लिहिलंय की डॅलसच्या उत्तरेला राहता, दीडेक वर्षापासून सुट्टीच्या दिवशी लुईसव्हिल आणि ग्रेपवाइन लेकच्या काठावरून बास या माशासाठी गळ टाकता, व्हिडिओ बघून बघून पेटीभर ल्यूर (नकली आमिषं) जमवलेत, आणि तरी लार्जमाउथ, म्हणजे मोठ्या तोंडाचा बास, महिन्यातून एखादाच हाती येतो. बेटकास्टर (रॉडच्या वर बसणारा रील, ज्याचा स्पूल म्हणजे लाईनचं रीळ कास्ट करताना फिरतं) घेतला होता, पण गुंता होतो म्हणून तो कपाटात पडलाय. आता चारशे डॉलरचा रॉड घ्यावा की सरळ छोटी बोट, असा तुमचा प्रश्न आहे.

दोन्ही नको, निदान या वर्षी तरी. दर दहा मिनिटांनी ल्यूर बदलता असं तुम्हीच म्हणताय. म्हणजे समोरच्या पाण्याच्या तळाशी काय आहे याचा पत्ता तुम्हाला अजून लागलेला नाही, आणि तो चारशे डॉलरच्या रॉडनेही आपोआप लागणार नाही. लार्जमाउथ हा सनफिशच्या कुळातला मासा. आपल्या खाडीतल्या जिताड्याशी त्याचं काही नातं नाही. तो बहुतेक वेळ आडोशाला दबा धरून असतो: बुडालेलं झाड, डॉकचे खांब, पाणगवताची कड, धरणाच्या भिंतीवर रचलेले दगड, चिखल संपून खडी सुरू होते ती रेषा. अशा जागा सोडल्या तर काठाचा बराचसा भाग रिकामाच असतो, आणि तुम्ही बहुधा तिथेच उत्तमोत्तम ल्यूर फिरवताय.

म्हणून पुढचा सीझन एकच रिग (वजन, हुक आणि आमिष यांची जोडणी) धरा: टेक्सस रिग. ती अडचणीतून न अडकता निघते आणि तळ कसा आहे ते हाताला सांगते. पाव औंसाचं बुलेट वजन, म्हणजे बंदुकीच्या गोळीच्या आकाराचं (पाणी उथळ असेल तर ३/१६ औंस), ३/० मापाचा ऑफसेट हुक (डोळ्यापाशी बाक असलेला) आणि पाच इंचाचं मऊ प्लास्टिकचं वर्म (गांडूळ), एवढ्यात भागतं. वजनाचं टोक रॉडच्या दिशेला हवं.

वर्म हुकात ओवण्यात मात्र घाई करू नका, निम्मे लोक इथेच घसरतात. हुकाचं टोक वर्मच्या डोक्यात पाव इंच सरळ घालायचं, बाजूने बाहेर काढायचं, हुक फिरवून वर्म वर सरकवायचं म्हणजे डोकं हुकाच्या डोळ्यापाशी बसतं. मग वर्म हुकाशेजारी मोकळं लोंबू द्या, हुकाचा वळसा जिथे येतो तिथे नखाने खूण करा आणि टोक तिथूनच आरपार घाला. शेवटी टोक प्लास्टिकच्या सालीत हलकेच दडवा, म्हणजे ते काटक्यांत अडकत नाही. आता हुक हातात धरून बघा. वर्म सरळ लोंबत असेल तर ठीक. मध्ये पोक आलं असेल तर काढून पुन्हा ओवा, कारण पोक आलेलं वर्म पाण्यात गरगर फिरतं, लाईनला पीळ पडतो आणि मासा तिकडे ढुंकूनही पाहत नाही.

कास्ट केल्यावर लाईन ताणून धरू नका. वर्म सरळ खाली जाऊ दे, आणि ते पडत असताना पाण्याबाहेरच्या लाईनवरची नजर हलवू नका, कारण बास बऱ्याचदा पडतानाच उचलतो. लाईन ढिली पडली की वर्म तळाला टेकलं. दुसऱ्या कास्टला मनात आकडे मोजा. आधीच्या जागी आठला टेकलं होतं आणि इथे पाचलाच टेकलं, तर खाली उंचवटा आहे किंवा काहीतरी आडवं पडलंय. किंवा वर्म मध्येच कुणीतरी धरलंय! पुढे वर्म ओढायचं ते रॉडने. रॉडचं टोक घड्याळाच्या नऊवरून अकरावर न्यायचं, पुन्हा खाली आणताना झालेली ढील रीलने गोळा करायची आणि थांबायचं. थांबणं फार महत्त्वाचं. तुम्हाला जेवढं हळू वाटतंय, त्याच्या निम्म्या वेगाने करा.

आमच्याकडे कोकणात खाडीवर गरवायला बसलेली म्हातारी माणसं दोरा तर्जनीवरून घेतात. रॉड नाही, रील नाही, बोटाच्या पेरावर शिसं बोलतं. इथेही तेच करा: रीलच्या पुढे लाईन तर्जनीवर अलगद टेकवून ठेवा. चिखलात वजन जड आणि गुपचूप सरकतं. खडीवर बारीक टिकटिक येते. मोठ्या दगडांत टक्कर बसते, क्षणभर अडकतं आणि झटक्याने सुटतं. लाकडावर ते मऊपणे वर चढतं, जड होत जातं आणि पलीकडे एकदम पडतं. पाणगवत रबरासारखं ताणलं जातं. या पाच गोष्टी डोळे मिटून ओळखता आल्या की तुमचं निम्मं शिक्षण झालं. लाकूड लागलं की वर्म त्याच्यावर चढवून पलीकडे सोडा आणि तिथेच थोडा वेळ राहू द्या.

बासने तोंडात घेतल्याची खूण म्हणजे बहुतेक वेळा एकच 'टक्', कधी दोन. कधी तेही नाही, लाईन नुसतीच बाजूला चालू लागते. आणि सगळ्यात फसवी खूण म्हणजे वजन अचानक नाहीसं होणं. मासा ते घेऊन तुमच्याकडे येत असतो आणि माणूस बिचारा वाट बघत बसतो. ढील गोळा करा, रॉडचं टोक माशाकडे झुकवा आणि मग जोरात वर घ्या. ढिल्या लाईनवर कितीही हिसका दिला तरी हुक सालीतून बाहेर येत नाही. उलट क्रँकबेटसारख्या (ओढताच डुबकी मारणाऱ्या, माशाच्या आकाराच्या) तीन काट्यांच्या ल्यूरवर असला हिसका द्याल तर मासा सोडवून बसाल. तिथे नुसतं रील फिरवत रॉड बाजूला ओढला की पुरे.

आता रॉडचं. सात फुटी, मिडियम-हेवी ताकदीचा, फास्ट ॲक्शनचा (टोकाशीच वाकणारा) रॉड आणि त्यावर ७:१ च्या आसपास गिअर असलेला (हँडलच्या एका फेऱ्यात स्पूल सात वेळा फिरणारा) बेटकास्टर या कामाला हवा, आणि दोन्ही प्रत्येकी शंभरेक डॉलरमध्ये चांगले मिळतात. म्हणजे कपाटातला बाहेर काढा. गुंता होतो कारण ल्यूर हवेत मंदावतो आणि स्पूल मात्र तेवढ्याच वेगाने लाईन सोडत राहतो. ३/८ औंसाचं काहीतरी बांधा, रॉड आडवा धरा, बटण दाबून ल्यूर सोडा. तो सावकाश खाली उतरला पाहिजे आणि जमिनीला टेकताच स्पूल थांबला पाहिजे. तसं होईपर्यंत बाजूची टेन्शनची चकती आवळा. ब्रेक सुरुवातीला पूर्ण ठेवा. मनगटाचा झटका न देता संथ कास्ट करा आणि ल्यूर पाण्याला लागायच्या आत अंगठा स्पूलवर टेकवा. अंगणात किंवा पार्किंगमध्ये चार संध्याकाळी घालवल्यात की हात बसेल. सरावापुरती स्वस्तातली मोनो (साधी नायलॉनची) लाईन भरा, महागड्या फ्लुओरोकार्बनचा गुंता कापून टाकताना जीव जातो.

हात बसला की १५ पाउंडाची फ्लुओरोकार्बन भरा. ती पाण्यात बुडते, त्यामुळे तळ नीट कळतो. दोष एकच: गाठ कोरडी आवळली तर लाईन घर्षणाने भाजते आणि ऐन वेळी तुटते. पालोमार गाठ बांधा, थुंकी लावा, हळू आवळा. दर थोड्या वेळाने शेवटचे दोन फूट बोटांत धरून चाचपा. लुईसव्हिलमध्ये झेब्रा शिंपल्या आहेत, दगडांवर चिकटलेल्या, आणि त्यांची कड ब्लेडसारखी असते. जरा जरी खरखर लागली तरी तेवढा तुकडा कापून गाठ नव्याने बांधा. आळस केलात तर मोठा मासा नेमका तेव्हाच लागतो.

तुमचा स्पिनिंग रॉड (ज्याचं रील खाली लटकतं) टाकून देऊ नका. त्यावर १० पाउंडाची ब्रेड (विणलेली लाईन) आणि पुढे ८ पाउंडाचा फ्लुओरो लीडर (हुकापर्यंतचा तुकडा) जोडा आणि थंडीच्या लाटेनंतरच्या रडक्या दिवसांसाठी ठेवा. आभाळ निळंशार, वारा उत्तरेचा, मासे तोंड उघडायला तयार नाहीत, अशा दिवशी नेड रिग, म्हणजे पावणेतीन इंचाचा प्लास्टिकचा तुकडा हलक्या मशरूमच्या आकाराच्या जिगवर (वजन जोडलेल्या हुकावर), किंवा काठीसारख्या वर्मच्या मधोमध हुक घातलेली वॅकी रिग. दोन्हींत हातचलाखी फारशी लागत नाही, संयम लागतो. रंगांची चर्चा तासन्‌तास चालते, माझ्या मते ती बरीचशी दुकानदारांच्या फायद्याची आहे. पाणी स्वच्छ असेल तर ग्रीन पंपकिन, गढूळ असेल तर काळा-निळा. बस्स.

जागा शोधण्याचा सगळ्यात स्वस्त मार्ग कुणी फारसा सांगत नाही. ही तळी धरणांची आहेत, पाण्याची पातळी वर-खाली होते. कोरड्या उन्हाळ्यानंतर पाणी उतरलं की गळ घरी ठेवून काठाने नुसते चाला आणि फोनवर फोटो काढा: उघडे पडलेले बुंधे, जुना रस्ता, ओढ्याचं पात्र, दगडांचा ढीग. वसंतात पाणी चढलं की हेच सगळं तीन-चार फुटांखाली असेल आणि बाजूला उभ्या असलेल्या माणसाला त्याचा पत्ताही नसेल.

काठावरून कास्ट करताना सगळे लांब आणि सरळ आत फेकतात. तुम्ही काठाला समांतर फेका. सरळ आत फेकलेला ल्यूर कामाच्या खोलीतून काही क्षणच जातो, समांतर फेकलेला शेवटपर्यंत त्याच खोलीत राहतो. धरणाच्या दगडी भिंतीवर हे फार चालतं. तिथे क्रँकबेट मुद्दाम दगडांना आपटत आणा, तो आपटून बाजूला उडतो त्याच क्षणी तडाखा बसतो.

ऋतूचं थोडक्यात. फेब्रुवारी-मार्चमध्ये पाणी ५५ ते ६० फॅरनहाइटला आलं की मोठ्या माद्या उथळ भागाच्या तोंडाशी येतात. वर्षातले सर्वांत चांगले आठवडे हेच, रजा टाकायची तर तेव्हा टाका. पुढे विणीच्या काळात नर घरटं राखत बसतो. तेव्हा त्याला उचललात तर तिथल्या तिथे लगेच सोडा, सनफिश अंड्यांसाठी टपलेले असतात. जुलै-ऑगस्टमध्ये पहाट, नाहीतर रात्र. दुपारी काठावर उभं राहून फक्त तुम्हीच भाजून निघाल. शरदात शॅड हे छोटे मासे ओढ्यांच्या मुखात शिरतात आणि बास त्यांच्या मागे, तेव्हा वाऱ्याने ज्या काठावर लाटा आपटतायत तिथे स्पिनरबेट (फिरत्या पात्यांचा ल्यूर) चालवा. एवढ्यापुरती टेक्सस रिग सोडायला माझी परवानगी.

घरचे विचारणारच, मासा कुठे आहे? नियमाने टेक्ससमध्ये साधारणपणे १४ इंचांवरचे लार्जमाउथ दिवसाला ५ ठेवता येतात, पण काही तळ्यांचे नियम वेगळे आहेत. लेक फोर्कवर १६ ते २४ इंचांमधला प्रत्येक मासा सोडावाच लागतो, आणि राज्याचा १८.१८ पाउंडाचा विक्रमी बास १९९२ साली तिथेच मिळाला. मी बास सोडतो. तिखल्यासाठी कॅटफिश आणि तळायला क्रॅपी हा छोटा मासा त्याच्यापेक्षा कितीतरी चांगले लागतात. सोडायचा असेल तर हात ओले करा, खालचा ओठ अंगठ्याने धरा, आणि मासा मोठा असेल तर नुसत्या जबड्यावर आडवा लोंबकळवू नका, दुसरा हात पोटाखाली द्या.

मासेमारीचं साधं लायसन्स ३१ ऑगस्टला संपतं, सप्टेंबरच्या पहिल्या शनिवारी ते पुष्कळांना आठवतं. स्टेट पार्कच्या आत काठावरून गळ टाकायला मात्र लायसन्स लागत नाही, भारतातून आलेल्या पाहुण्यांना न्यायला बरं पडतं.

बोटीचा विचार पुढच्या वर्षी करा, आणि तेव्हाही आधी साधी कायाक घ्या. एका तळ्यावरून दुसऱ्या तळ्यावर नेण्याआधी तिच्यातलं सगळं पाणी ओतून, चिकटलेलं गवत काढून, ती पूर्ण वाळवा. झेब्रा शिंपल्यांमुळे पाणी काढून टाकण्याचा टेक्ससमध्ये कायदाच आहे आणि दंडही होतो.